आता मला कोण थापटणार?

आमच्या औंढ्याच्या नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. ज्यांनी दर्शन घेतलंय त्यांना ठाऊक असेल, खाली उतरायची वाट अगदी अरुंद. वाकून, अंग चोरून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. पहिल्यांदा येणारी बाई वरच थांबते आणि विचारते, "जाता येईल ना हो मला?"

२०२४ च्या पहिल्या श्रावणी सोमवारी मी तिथं उभी होते. मागून गर्दीचा रेटा, पुढं ती वाट, आणि माझा पाय काही पुढं पडेना. मागची बाई म्हणाली, "ताई, उतरा की!" उतरणार कशी? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच खालून कुणी हात वर करून म्हणालं नव्हतं, "ये गं, मी धरते."

ती जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहू का म्हणून तिच्या सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही बाई, सगळं लिही. पण नाव नको. पेपरात नाव दिसलं की मला वाटंल, ती काहीतरी जिंकून आली." म्हणून आपण तिला 'ती'च म्हणू. तसंही गावात 'गिरणीवाली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे.

आमची दोघींची घरं देवळाजवळच्या एकाच गल्लीत. देवळाचं अंगण हेच आमचं खेळायचं मैदान. भिंतींवरच्या दगडी हत्तींना आम्ही नावं ठेवलेली होती. यादवांच्या काळातलं हेमाडपंती देऊळ, आठवं ज्योतिर्लिंग, हे सगळं पुढं शाळेत कळलं. तेव्हा ते फक्त 'आपलं देऊळ' होतं. सहा वर्षांच्या असताना एकदा लाइट गेली होती आणि तिनं माझ्याशी पैज लावली, गाभाऱ्यात एकटी जाऊन येते. गेली आणि बराच वेळ वर आलीच नाही. मी वर रडकुंडीला आलेली. शेवटी खालून आवाज आला, "अगं, इथं लई गार आहे! तू पण ये, मी धरते." त्या दिवसापासून हे 'तू पण ये' माझ्या नशिबाला चिकटलं ते कायमचं.

मी भित्री. हे कबूल करायला मला कधीच लाज वाटली नाही, कारण माझ्या वाटचं धाडस तिच्याकडं जमा होतं. तिच्या मामाच्या विहिरीत पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ती पोहायला शिकली आणि मलाही शिकवलं. मुलीच्या जातीनं विहिरीत उड्या मारायच्या का, म्हणून दोघींनीही मार खाल्ला. तिच्या भावाची मोठी सायकल ती कैची मारत चालवायची, मी मागं कॅरिअरवर डोळे मिटून. वर्गात बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं की ती मला खूण करायची, "बघ हं, आता शाळा फिरती का."

त्यातली गंमत औंढ्याच्या माणसालाच कळेल. महादेवाच्या देवळात नंदी समोर असतो. आमच्याकडं तो मागच्या बाजूला आहे. आजीनं सांगितलेली गोष्ट अशी, की संत नामदेव इथं कीर्तन करत होते. काहींना ते खपलं नाही. त्यांनी नामदेवांना देवळाच्या मागच्या बाजूला हाकललं. नामदेव मुकाट्यानं मागं जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यांतही हा देऊळ फिरल्याचा प्रसंग आलेला आहे. आजीला हे माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. ते पुढं फार लांब जाऊन कळायचं होतं.

नामदेव म्हणजे आमच्याच भागातले. जन्म १२७० चा, कयाधू नदीकाठचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात. आणखी एक गोष्ट आजी सांगायची, ती तर आमच्या मैत्रीचा मंत्रच झाली. सगळी संतमंडळी तेरला गोरोबाकाकांकडं जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं." "मग आमचीही मडकी बघा की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! रुसून ते विठोबाकडं गेले, तर विठोबानंच त्यांना गुरू करायला पाठवलं. आमच्याकडची परंपरा सांगते, की ते इथं औंढ्याला आले. पाहतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय बाजूला घ्या. विसोबा म्हणाले, जिथं देव नसेल तिथं ठेव बाबा. नामदेव जिथं पाय ठेवायला जावं तिथं पिंड!

ही गोष्ट ऐकल्यापासून ती मला टपली मारायची. मी घाबरले, रडले, रुसले की टप्प! "कच्चं हाय अजून." लग्नाच्या मांडवात मुंडावळ्या बांधलेल्या माझ्या कपाळावरही तिनं हळूच टिचकी मारली होती. "पक्कं व्हायला लागलंय," म्हणाली, आणि स्वतःच रडली.

हिंगोलीच्या कॉलेजला आम्ही एसटीनं बरोबरच जायचो. १ मे १९९९ ला परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षी आम्ही बी. ए. झालो. मी संसारात पडले, हळूहळू बचत गटांच्या कामात आले. तिला गावातच दिलेलं. सासरी पिठाची गिरणी होती. सासरे थकले तेव्हा गिरणी विकायचं घरात ठरलं. ती म्हणाली, "मी चालवते." पट्टा बदलायचा, दगडाला टाकी लावायची, सगळं शिकली. केसांवर, भुवयांवर पीठ घेऊन दिवसभर उभी. लोक आधी नुसते बघायला यायचे, मग दळायला येऊ लागले. बायकांना तर ती जागा माहेरासारखी झाली. डबा ठेवायचा, ओट्यावर बसायचं आणि मनातलं सांगायचं. गिरणीच्या आवाजात शेजारणीलाही ऐकू जात नाही, पण तिला सगळं ऐकू यायचं. आमच्या बचत गटाची पहिली बैठक त्याच ओट्यावर झाली.

तिच्या धाडसाची एकच गोष्ट सांगायची तर घुमानची सांगते. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव. नामदेव उत्तरायुष्यात तिथं राहिले. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं आणि पेपरात रोज फोटो येऊ लागले. तिनं ते कात्रण गिरणीच्या भिंतीला चिकटवलं. "आपल्या गावचा माणूस एवढ्या लांब चालत गेला आणि आपण रेल्वेनं जाऊ नये?" दीड वर्ष गटातल्या बायकांनी पैसे साठवले. २०१६ च्या कार्तिकीला निघायचं ठरलं. मी नाहीच म्हटलं. मुलगी दहावीत, सासऱ्यांचं पथ्य. ती घरी आली आणि सासऱ्यांसमोर बसली. "मामा, तुमची सून आठ दिवस उसनी नेते. पिठासारखी मोजून परत देते." सासरे हसले, आणि मी सुटले.

आम्ही चौदा जणी, पस्तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आम्ही परभणीला धरली. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर शीख मंडळी प्रवाशांना फुकट लंगर वाढतात. आमच्या म्हाताऱ्या आधी संकोचल्या, मग भाकरीचं गाठोडं सोडून तेही त्यांना वाढू लागल्या. दीड दिवसाचा प्रवास गाणी म्हणण्यात कधी सरला कळलं नाही.

८ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही अमृतसरला सराईत होतो. जेवून आलो, तर बाहेर कल्ला. पाचशे आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद! आमच्या चौदा जणींच्या कमरेच्या पिशव्यांत दुसरं होतं काय? गाव दीड दिवस लांब, भाषा येत नाही, दुसऱ्या दिवशी बँका बंद. दोघी-तिघी रडायलाच लागल्या. मी तर पहिली. तिनं मला टपली मारली. मग सगळ्यांना गोल बसवून म्हणाली, "हे बघा. परतीचं तिकीट काढलेलं आहे. इथं लंगर रात्रंदिवस चालू आहे. झोपायला जागा आहे. मग रडायलात कामून?" तरी प्रश्न होता घुमानला जायच्या जीपचा. सकाळी तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत ड्रायव्हरला गाठलं. म्हणाली, भाऊ, पेट्रोल पंपावर जुनी नोट घेतात, तू डिझेल भर, आमची नोट तुझ्या कामी येईल. त्यानं विचारलं, कुठून आलात? तिनं सांगितलं, नामदेवांच्या गावाकडून. तो गप्प झाला. मग म्हणाला, बसा.

घुमानला एका म्हाताऱ्या पंजाबी बाईनं आमच्या सत्तरीच्या मावशींना मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती. दोघी रडत होत्या आणि हसत होत्या. नामदेवांची पदं इथं रोज गायली जातात, त्यात आपल्या नागनाथाचं देऊळ फिरल्याची गोष्ट आहे, हे आम्हाला तिथं कळलं. ती माझ्या कानात म्हणाली, "बघ. शेवटच्या बाकावर बसवलेला माणूस कुठवर आला!"

लॉकडाउनमध्ये गिरण्यांना परवानगी होती. ती तोंडाला पदर बांधून दळायची आणि ज्यांच्या घरी कुणी बाहेर पडू शकत नव्हतं त्यांच्या दारात स्कूटीवरून डबे नेऊन ठेवायची. तिला कशाचीच भीती नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. तिथंच चुकलं.

आता जे लिहिणार आहे, ते लिहिण्यासाठीच खरं तर पेन हातात घेतलंय.

२०२१ च्या दिवाळीआधी अनारसे-चकलीची दळणं जोरात होती. गर्दी ओसरल्यावर ती सहज म्हणाली, "माझी पाळी आली नसताना मध्येच डाग पडायलेत गं. अंगावरून पण जातंय. वास येतोय." मी काय म्हणाले? म्हणाले, "वय झालं की आपलं. मला पण पुढंमागं होतंच." एवढंच. आणि चकलीच्या भाजणीत धने किती घालायचे, ते बोलत बसलो.

२०२२ च्या मार्चमध्ये महिला दिनानिमित्त आमच्या गटानं तपासणी शिबिर घेतलं. तिनं चाळीसेक बायकांना बोलावून आणलं. ज्या लाजत होत्या त्यांना स्कूटीवर बसवून आणलं. टेबलाशी बसून नावं तिनंच लिहिली. संध्याकाळी यादी माझ्या हातात आली. मी दोनदा वाचली, तिचं नाव त्यात नव्हतं. "अगं, तुझं?" "गिरणी बंद ठेवून बसलेय सकाळपासून. पुढच्या वेळी." मी यादीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. माझंही नाव त्यात नव्हतं.

२०२३ च्या गणपतीत तिला उभं राहवेना, तेव्हा कुठं तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आणि तो बराच पुढं गेलेला. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून शेक घेतले. तिथंही ती वॉर्डातल्या सगळ्या बायकांची नावं-गावं पाठ करून बसली होती. कुणाची सून येत नाही, कुणाला डबा नाही, सगळा हिशेब तिच्याकडं. शेवटी शेवटी मात्र आवाज अगदी बारीक झाला होता. २०२४ च्या आषाढीनंतर चार-पाच दिवसांनी ती गेली. सेहेचाळिसाव्या वर्षी.

मैत्रिणीचं सुतक नसतं. नवऱ्याचं असतं, दिराचं असतं, कधी तोंड न पाहिलेल्या भावकीचंही असतं. तेराव्याला मी पंगतीत वाढत होते. माणसं तिच्या घरच्यांना भेटून धीर देत होती, ते बरोबरच होतं. माझ्याकडं कुणी आलं नाही, कारण यायची रीतच नाही. रात्री घरी येऊन मी भांडी घासली, दुसऱ्या दिवसाची मटकी भिजत घातली. चाळीस वर्षांचं माणूस गेलं आणि माझ्या दिनक्रमात कुठं रडायला जागाच नव्हती.

त्या दिवसांत मी नामदेवांकडं परत गेले. लहानपणी ऐकलेलं एक मला मोठेपणी नव्यानं कळलं. ज्ञानेश्वरांनी तीर्थयात्रेला चल म्हटलं, तेव्हा नामदेव निघायला तयार नव्हते. पंढरी सोडवेना, विठोबा सोडवेना. शेवटी विठोबानंच त्यांना ज्ञानदेवांच्या हवाली केलं, असं वर्णन आहे. म्हणजे तिथंही एक 'तू पण ये' म्हणणारा आणि एक पाय मागं घेणारा! पुढं १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. ते एकविशीतले, नामदेव सव्विशीचे. त्यानंतर नामदेव ५४ वर्षं जगले. त्या समाधीच्या प्रसंगाचे जे अभंग आपण वाचतो, ते नामदेवांच्या नावचे आहेत. ते ज्ञानदेवांचे भाऊ नव्हते, भावकी नव्हते. रीतीनं पाहिलं तर त्यांनाही सुतक नव्हतं. पण मित्र कसा गेला, कोण कसं रडलं, निवृत्तीनाथांसारखा थोरला भाऊ आणि गुरूही कसा हलला, हे त्यांनी जिवापाड सांगून ठेवलं. आणि मग पंजाबापर्यंत चालत गेले. मला वाटलं, एवढ्या थोर माणसाला मित्रासाठी रडायची लाज वाटली नाही, तर मी कोण?

पण रडून झाल्यावर थापटणं उरतंच. मैत्रिणींनो, ती मला आयुष्यभर थापटत राहिली आणि मी तिला एकदाही थापटलं नाही. ती पक्कीच आहे, असं धरून चालले. जी सगळ्यांना धरते, तिला कुणी धरायचं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. विहिरीत उडी घेणारी, परमुलखात चौदा बायकांना सांभाळणारी माझी मैत्रीण तपासणीच्या टेबलाला घाबरली होती. आज मला हे स्वच्छ दिसतं. गिरणीचं निमित्त होतं. एक टपली मारून "चल, मी धरते" एवढं म्हणायचं होतं.

डॉक्टर बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, आणि एका दिवसात होत नाही. आधी पेशी बिघडतात, त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या बायकांसाठी सरकारी तपासणीत एक साधी पद्धत आहे. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच. मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. भूल नाही, टाका नाही. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सरच असंही नाही, पुढची तपासणी करतात आणि सुरुवातीलाच उपचार होतो. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी लसही आहे. ती पुण्यात बनवलेली देशी लसही मिळू लागली आहे. मध्येच रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, वास येणारं पांढरं जाणं, यातलं काहीही असेल तर 'वय झालं' हे उत्तर नाही. मी ते उत्तर दिलं होतं.

तेरावं झाल्यावर महिनाभरानं मी स्वतः जाऊन तपासून आले. जायच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. प्रत्यक्षात सगळं पाच-दहा मिनिटांत झालं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला इतका राग आला, इतका राग आला! दहा मिनिटं! एक दळण व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

गिरणी आता तिची मुलगी आणि सासूबाई मिळून चालवतात. मुलगी डबे उचलते, सासूबाई ओट्यावर बसून पैसे घेतात. घुमानचं ते कात्रण अजून भिंतीवर आहे, पिठानं पांढरं झालेलं. मागच्या महिन्यात त्याच ओट्यावर आमची बैठक झाली, पुन्हा शिबिर घ्यायचं ठरलं. वही माझ्या पुढ्यात आली. नेहमीसारखी मी गल्लीच्या पहिल्या घरापासून नावं लिहायला घेतली, तर मागून डोक्यावर टप्पकन एक टपली बसली. मी दचकून वळले. तिची मुलगी उभी होती, हात पिठानं भरलेले.

"मावशी, आधी वही भरणाऱ्या बायकांची नावं लिहायची. आईनं तसं सांगून ठेवलंय."

मी पान उलटलं आणि पहिलं नाव माझं लिहिलं.